चित्र पॅरिसच्या बागेचं, तिकीट आपल्या बागेला

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या बागेचा आहे आणि हरकती नोंदवायची मुदत संपत आलीय.

बागेच्या 'सुशोभीकरणा'चं सादरीकरण झालं, तेव्हा पडद्यावर पहिल्याच पानावर एक रंगीत चित्र होतं. नदीकाठ, झाडांच्या सावल्या, छत्र्या घेतलेल्या बायका, हिरवळीवर बसलेली माणसं. खाली ओळ : 'जागतिक दर्जाचे उद्यान, आता आपल्या शहरात.' पुढची पानं सरकत गेली. फूड कोर्ट. सेल्फी पॉइंट. म्युझिकल फाउंटन. टॉय ट्रेन. भोवती आठ फुटी कंपाउंड. शेवटी तिकीट खिडकी : मोठ्यांना २० रुपये, लहानांना १०. आणि हे सगळं पंधरा वर्षांसाठी ठेकेदाराच्या ताब्यात.

टाळ्या पडल्या. नगरसेवकांनी मोबाइलवर फोटो काढले. पहिल्या पानावरचं ते चित्र कशाचं आहे, कुणी काढलं, त्यात कोण बसलंय, हे एकानेही विचारलं नाही.

मी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या पलीकडे चित्रकला शिकलेलो नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, कागद वाचायची सवय आहे. पण ते चित्र जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे आणि त्याच्याबद्दल वाचायला काही चित्रकार असावं लागत नाही. वाचलं तर लक्षात येतं, की पहिल्या पानावरचं चित्र शेवटच्या पानावरच्या तिकीट खिडकीच्या विरोधातला पुरावा आहे. तो पुरावा नगरपरिषदेने स्वतःच, स्वतःच्या खर्चाने, पडद्यावर लावला. म्हणून ही पोस्ट.

आधी चित्र.

चित्रकाराचं नाव ज्यॉर्ज सरा. चित्र आहे पॅरिसच्या कडेला सेन नदीतल्या ग्रांद जात नावाच्या बेटावरच्या रविवार दुपारचं. १८८४ ते १८८६ या काळात काढलेलं. सुमारे सात फूट उंच आणि दहा फूट रुंद, म्हणजे आपल्याकडच्या खोलीची एक अख्खी भिंत. आज ते शिकागोच्या संग्रहालयात आहे. १८८६ साली इम्प्रेशनिस्ट मंडळींचं आठवं आणि शेवटचं प्रदर्शन भरलं, त्यात ते लागलं. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे ठिपके, लांब गेलं की माणसं. सरा त्यासाठी महिनोन् महिने त्या बेटावर जाऊन बसायचा, लहान लहान अभ्यासचित्रं करायचा. ३१ व्या वर्षी वारला बिचारा.

आता त्यात कोण आहे ते बघा. डावीकडे पुढे, बिनबाह्यांचा सदरा घातलेला एक आडदांड गडी कोपरावर रेलून चिलीम ओढतोय. कष्टकरी दिसतो. त्याला लागून उंच टोपी आणि हातात काठी असा एक साहेबी थाटाचा माणूस बसलाय. मागे दोन शिपाई. एक दाई पाठमोरी बसलीय, शेजारी म्हातारी बाई. एक बाई गळ टाकून मासे धरतेय. एक जण बिगूल वाजवतोय आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. उजवीकडे झोकात निघालेलं जोडपं, बाईच्या हातात दोरीला बांधलेलं माकड. मधोमध पांढऱ्या कपड्यातली लहान मुलगी सरळ आपल्याकडे बघतेय.

पन्नासेक माणसं आहेत. त्यांतली बहुतेक काहीच करत नाहीयेत. बसलीत, रेललीत, पाण्याकडे बघतायत. चित्रात विकायला ठेवलेली एक वस्तू दिसत नाही. सेल्फी पॉइंट नाही. कारंजं नाही. चिलीम ओढणारा गडी आणि उंच टोपीवाला साहेब एकाच गवतावर, एकाच सावलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर आहेत.

टीकाकार म्हणतात, ही माणसं ताठ आहेत, पुतळ्यांसारखी, कुणी कुणाशी बोलत नाही, हा आनंद नसून कंटाळा आहे. असेल. वाद शंभर वर्षं चाललाय, आपण तो सोडवू नये. पण कंटाळायलासुद्धा जागा लागते की नाही? घरी दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर माणूस कंटाळणार कुठे?

याच सराने याच्या आधी एक चित्र काढलं होतं, जवळपास तेवढंच मोठं. आस्निएरच्या काठावर नदीत उतरलेली, बसलेली पोरं आणि कामगार. मागे क्लिशीच्या कारखान्यांच्या चिमण्या आणि धूर. १८८४ साली पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाने, सलाँने, ते नाकारलं. ग्रांद जात बेट त्याच पाण्यात, समोरच. म्हणजे 'जागतिक दर्जा' म्हणून जे पडद्यावर लावलं, त्याच्या समोरच्या काठावर कारखान्यातले कामगार पाण्यात पाय सोडून बसलेले आहेत. तो काठ सादरीकरणात नव्हता.

आता आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

चित्राच्या नावातच 'रविवार' आहे. आपल्याला वाटतं, रविवार म्हणजे सुट्टी, त्यात काय? पण १८१४ चा रविवारी काम बंद ठेवायला लावणारा जुना कायदा फ्रान्सने १८८० साली रद्द केला होता. धर्माच्या दडपणाखालचा कायदा नको, म्हणून. पण त्यामुळे झालं असं, की कामगाराची सुट्टी मालकाच्या मर्जीवर आली. नवा कायदा, आठवड्यातून एक पूर्ण दिवस विश्रांतीचा, आला १३ जुलै १९०६ ला. त्याच वर्षी मार्चमध्ये कुरियेरच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन हजारांवर माणसं मेली होती आणि देशभर संप पेटले होते. त्यानंतर तो झाला. म्हणजे सरा चित्र रंगवत होता तेव्हा त्या गवतावरच्या कष्टकऱ्याच्या रविवारला कायद्याचा काही आधार नव्हता.

आणि आता १८८४ हे साल लक्षात ठेवून मुंबईकडे या.

त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. सत्यशोधक माणूस, 'दीनबंधू'चे संपादक. म्हणजे आमच्या धंद्यातले. गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागणी काय? आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. सहा वर्षं झगडले. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. आज तुम्ही-आम्ही रविवारी उशिरा उठतो, त्याच्यामागे हा माणूस आहे.

एकाच वर्षी पॅरिसला एक तरुण चित्रकार रविवार रंगवायला घेतो आणि मुंबईत एक मराठी संपादक रविवार मागायला उभा राहतो. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. पण गोष्ट एकच आहे. आधी वेळ मिळवावा लागतो आणि मग तो घालवायला जागा लागते. वेळ लोखंडेंनी मिळवून दिला. जागा आपल्या आधीच्या पिढ्यांच्या नगरपरिषदेने दिली होती. ती आता २० रुपयांना विकायला काढलीय.

मला माहितीय, लगेच कुणीतरी म्हणेल, "दादा, पॅरिसच्या बागा काय गरिबांसाठी होत्या का?" बरोबर प्रश्न आहे. मी पॅरिसला देव्हाऱ्यात बसवत नाहीये. उलट तिथलं राजकारण नीट बघूया.

राजेशाहीत त्युइलरीच्या राजबागेच्या दारावर पहारेकरी असत. बरे कपडे असतील तर आत, फाटके असतील तर बाहेर. वर्षातून एक सेंट लुईचा सण, त्या दिवशी सगळ्यांना मोकळीक. हीच बाग एदुआर मानेने १८६२ साली रंगवली. बँड ऐकायला जमलेली पॅरिसची बडी मंडळी. गंमत म्हणजे चित्रात बँड कुठेच दिसत नाही, दिसते ती गर्दी. कवी बोदलेर आहे, संगीतकार ऑफेनबाख आहे, मानेचा भाऊ युजेन आहे आणि डाव्या कडेला स्वतः माने. पुढे लोखंडी खुर्च्या. त्या काळी पॅरिसच्या बागांतल्या या खुर्च्या भाड्याच्या असत. पैसे गोळा करणाऱ्या बायका फिरत आणि ही पद्धत तिथे विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालू होती.

बघा, तिथेही पैसे होतेच. पण खुर्चीला होते, दाराला नव्हते. पैसे नसतील तर खुर्ची नाही, बाग मात्र आहे. उभं राहा, चाला, बाकावर बसा. आपल्या प्रस्तावात दारालाच पैसे आहेत. म्हणजे १८६० च्या दशकातल्या, सम्राटाच्या राज्यातल्या पॅरिसपेक्षा आपण मागे जातोय आणि त्याला 'जागतिक दर्जा' म्हणतोय.

दुसरी बाग, मोन्सो. एका सरदाराची जुनी खासगी बाग. १८६० च्या सुमारास पॅरिस शहराने ती घेतली आणि जवळपास अर्धी जमीन पेरेर बंधू नावाच्या बड्या धनकोंना बंगले बांधायला विकली. उरलेल्या वीसेक एकरांत १८६१ साली सार्वजनिक बाग झाली, सोन्याच्या मुलाम्याच्या फाटकांसकट. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडला गेला तेव्हा याच बागेत पकडून आणलेल्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, १८७६ साली आणि पुन्हा १८७८ साली, क्लोद मोनेने ही बाग रंगवली. पानांतून झिरपणारं ऊन, सावलीत बसलेल्या बायका, मुलं आणि झाडांमागे डोकावणारे ते नवे बंगले. रक्ताचा मागमूस नाही. मोने स्वतः तेव्हा कर्जात होता. त्या बंगल्यांतलं एकही त्याला परवडलं नसतं. पण बागेत बसून चित्र काढायला त्याला कुणी अडवलं नाही.

मोन्सोची गोष्ट आपण पाठच करावी. बागेच्या नावाने जमीन हलते. पहिल्यांदा 'विकास', मग 'थोडा व्यावसायिक वापर', मग गाळे. आपल्या प्रस्तावात रस्त्याकडेला बारा गाळे आहेत. नकाशात त्यांना 'सुविधा' म्हटलंय.

तिसरी बाग, ब्यूत-शोमाँ. ही पॅरिसच्या दुसऱ्या टोकाला, कामगार वस्तीत. जिप्समच्या खाणी, कचऱ्याचा डेपो, मेलेली घोडी फाडायची जागा असं ते ठिकाण होतं. आल्फाँ नावाच्या अभियंत्याने ते पालटलं. १ एप्रिल १८६७ ला तिथे बाग उघडली, साठेक एकरांची. तळं, धबधबा, डोंगर, सगळं मानवनिर्मित. काम जबरदस्त. मोने, माने यांच्या गाजलेल्या बागचित्रांत मात्र ही बाग सापडत नाही. चित्रकारसुद्धा शहराच्या कुठल्या बाजूला वावरतो यावर कुणाचा रविवार अमर होतो ते ठरतं. म्हणून म्हणतो, पहिल्या पानावरचं चित्र निवडणारे आणि चित्रात कोण यायचं ते ठरवणारे हात नीट बघावेत.

तर मुद्दा असा. या तिन्ही बागांत तेव्हा भेदभाव होता, राजकारण होतं, जमिनीचा धंदा होता. पण त्युइलरी, मोन्सो, ब्यूत-शोमाँ, तिन्हीकडे आज प्रवेशाला तिकीट नाही. 'पॅरिसच्या धर्तीवर' म्हणायचं असेल तर सुरुवात तिथून करा. कारंजं नंतर.

आता बायकांबद्दल. हा भाग पुरुष मंडळींनी दोनदा वाचा.

इम्प्रेशनिस्टांत एक बाई होती, बेर्त मोरिझो. आठपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रं होती. फ्रान्सच्या सरकारी कलाशाळेत बायकांना १८९७ पर्यंत प्रवेश नव्हता. पुरुष चित्रकार कॅफेत बसून वाद घालायचे, तिथे घरंदाज बाईने एकटीने जाऊन बसायची रीत नव्हती. मग ती कुठे गेली? बागेत. घराजवळच्या ब्वा द बुलोन्यच्या तळ्यावर, १८७९ च्या सुमारास, तिने नावेत बसलेल्या दोन बायका रंगवल्या. शेजारी बदकं. बस्स. ना कुणी पुरुष सोबत, ना काही काम. आज ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहातलं आहे. तिचा नवरा म्हणजे तोच युजेन माने, जो भावाच्या त्युइलरीच्या चित्रात उभा आहे.

आपल्या गावात बाईने काहीही विकत न घेता, कुणाला काही न सांगता, तासभर बसावं अशा जागा मोजा. चहाची टपरी? नाही. पार? तिथे पुरुष. एसटी स्टँड? तिथे सगळे विचारतात, "कुठं जायचंय ताई?" देऊळ आहे, पण तिथेही दर्शन झालं की उठावं लागतं. उरते बाग. संध्याकाळी सहा ते सात तिथे बाकांवर बसलेल्या बायका बघा. भाजीची पिशवी पायाशी, चप्पल काढलेली. दिवसभरात तो एक तास त्यांचा. रोजचे २० रुपये म्हणजे महिन्याचे ६००. घरात हिशेब द्यावा लागणारी कुठली बाई 'नुसतं बसायला' ६०० रुपये मागू शकेल? तिकीट लागलं की ती आपणहून यायची बंद होईल. कुणी हाकलणार नाही, वाद होणार नाही, बातमी होणार नाही.

आणि ती एकटी नाही. सरकारी दवाखान्यात दाखल झालेल्यांचे नातेवाईक दुपारी बागेत डबा खातात. अभ्यासिकेची फी परवडत नाही ती एमपीएससीची पोरं लिंबाच्या झाडाखाली बसतात. आठवडी बाजाराला आलेली खेड्यावरची माणसं एसटीची वाट बघत पडतात. बांधकामावरचे मजूर रविवारी पोरांना घसरगुंडीवर सोडतात. नवरा-बायको आणि तीन पोरं, दाराशीच ७० रुपये. आत गेल्यावर टॉय ट्रेन वेगळी आणि पोरगं रडणार ते वेगळंच. बाप काय करेल? तो बागेच्या रस्त्यानेच जाणार नाही.

सराच्या चित्रातला तो चिलीमवाला गडी म्हणजे हीच माणसं. चित्र ठेवायचं आणि गडी काढायचा, असा हा प्रस्ताव आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. खोटं पाडायला सोपं ते घेत नाही, खरं आहे ते घेतो.

एक : "बागेची दशा बघवत नाही. दारूच्या बाटल्या, मोडके झोपाळे, संडासाला कडी नाही." शंभर टक्के खरं. पण झोपाळा मोडला कारण दुरुस्त केला नाही. बाटल्या पडतात कारण रात्रीचा वॉचमन कागदावर आहे. संध्याकाळी माणसांची वर्दळ असलेल्या बागेत दारुडे टिकत नाहीत, ओस बागेत टिकतात. तिकिटाने वर्दळ वाढेल की घटेल, सांगा.

दोन : "देखभालीला पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न रास्त आहे. पण बाग ही नगरपरिषदेने केलेली मेहेरबानी नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची यादी आहे. त्यात बाराव्या क्रमांकावर बागा, उद्यानं आणि मैदानं आहेत. घरपट्टी आपण भरतो ती यासाठीसुद्धा. रस्त्यावरचा दिवा लागतो म्हणून दिव्याखालून चालायचे पैसे घेत नाहीत. आणि तिकिटाचा पैसा तरी नगरपरिषदेला कुठे मिळणार? तो ठेकेदाराला. नगरपरिषदेला वर्षाची ठरीव रक्कम. ती किती, ते सादरीकरणात नव्हतं.

तीन : "२० रुपयेच तर आहेत." आज. मुंबईची राणीची बाग घ्या. भायखळ्याला, गिरणगावाच्या अंगाशी, १८६२ सालची. प्रवेश ५ रुपये होता, २०१७ साली एका झटक्यात ५० झाला. तिथे निदान प्राणी आहेत, त्यांना खायला घालावं लागतं, असं म्हणायची सोय होती. आपल्याकडे कावळे आणि दोन भटकी कुत्री आहेत, ती आपापलं बघतात.

चार : "जोडपी बसतात, वातावरण बिघडतं." सराच्या चित्रातही जोडपी आहेत, ज्यांना तुम्ही जागतिक दर्जा म्हणून टाळ्या दिल्या. आणि खरं सांगू? तिकीट परवडतं ते जोडप्याला. परवडत नाही ते आजोबांना.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. पॅरिसचे बुलेवार, बागा, इमारती ज्याच्या अमलात झाल्या तो प्रशासक ओस्मान. काम प्रचंड, शंका नाही. पण पैसा उभा करताना कायदेमंडळाला वळसा घालून कर्जं काढली. ते उघडं पाडणाऱ्यांत ज्यूल फेरी नावाचा पत्रकार-वकील होता. १८६७-६८ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली, ओस्मानच्या 'अद्भुत हिशेबां'वर. नाव हॉफमनच्या तेव्हा गाजलेल्या अद्भुत कथांवर बेतलेलं. लोकांनी चवीने वाचलं. जानेवारी १८७० मध्ये ओस्मानला पायउतार व्हावं लागलं. त्याच्या चुका सांगितल्या म्हणून कुणी फेरीला 'विकासविरोधी' म्हटलं असेल तर म्हटलं असेल. बागा तिथेच राहिल्या आणि हिशेबाचा प्रश्नही उभा राहिला. दोन्ही एकत्र होऊ शकतं.

मलाही गेल्या आठवड्यात दोघातिघांनी 'तू प्रत्येक कामात खोडा घालतोस' असं सुनावलं. घालतो. बाग दुरुस्त करा याला माझा पाठिंबा आहे, लेखी देतो. झोपाळे, दिवे, पाणी, स्वच्छ संडास, दोन वॉचमन आणि एक माळी. याला किती लागतात त्याचं अंदाजपत्रक आधी मांडा. कारंज्याचं नंतर बघू.

तर मंडळी, आता काम.

१) नगरपरिषद कार्यालयात आवक विभागात लेखी हरकत द्या. दोन प्रती न्या, एकावर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन पोच परत आणा. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

२) हरकतीत एवढंच लिहा : बागेत प्रवेश सर्वांसाठी, सर्व दिवस, विनामूल्य राहावा. फूड कोर्ट, टॉय ट्रेन चालवायची तर त्याचं तिकीट त्याच्यापुरतं ठेवा, दाराला नको.

३) ठेक्याचा करारनामा, वर्षाची रक्कम, बारा गाळ्यांचा नकाशा आणि गेल्या पाच वर्षांचा बागेच्या देखभालीचा खर्च वेबसाइटवर टाका, अशी मागणी करा. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती स्वतःहून जाहीर करणं अपेक्षित आहे. मी अर्जही टाकलाय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकेन.

४) बायकांनो, तुम्ही स्वतंत्र निवेदन द्या. संध्याकाळच्या बाकांवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. सही येत नसेल तिचा अंगठा घ्या. लोखंडेंच्या काळातले कामगार काही पदवीधर नव्हते.

५) ज्या नगरसेवकाने टाळ्या वाजवल्या त्याला गाठून फक्त एक विचारा : "साहेब, त्या पहिल्या पानावरच्या चित्रात किती जणांच्या हातात तिकीट होतं?"

सर्वसाधारण सभा या महिन्याच्या अखेरीस आहे. विषयपत्रिकेत बागेचा विषय शेवटून दुसरा ठेवलाय, म्हणजे तोपर्यंत सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असेल. प्रेक्षक गॅलरीत बसायला परवानगी आहे आणि तिकीट अजून तरी नाही. मी दुपारपासून तिथे असेन. ज्यांना जमेल त्यांनी या, आणि हरकतीचा नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये 'बाग' एवढंच लिहा, पाठवतो.